तिघांच्या मापाची पँट

धाकूमामांनी गळ्यातली टेप काढली, आम्हा तिघांना भिंतीशी ओळीने उभे केले आणि तिघांची मापे एकाच कागदावर एकाखाली एक लिहून घेतली. मग पेन्सिल कानामागे खोचून ते त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले.

“ह्या काय रे झिलांनू? पँट एक आणि पाय सा?”

“मामा, एका वेळी दोनच घालणार,” चंदू म्हणाला. “आम्ही काय सर्कशीत चाललोय?”

धाकूमामा हे चंद्रप्रकाशचे, म्हणजे चंदूचे, सख्खे मामा. भांडुप स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचे शिंप्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि मशीनवर वाकलेले मामा. चंदू, भीमराज आणि मी, सहदेव, असे तिघे टेकडीच्या उतारावरच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच वर्षी बी.कॉम. झालो आणि त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, तिघेही घरी बसलो होतो. मुलाखतीची पत्रे अधूनमधून येत. मुलाखतीला घालण्याजोगी पँट मात्र कुणाकडेच नव्हती.

कापड माझ्या बाबांचे होते. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप सुरू होण्याच्या आधीच्या दिवाळीत त्यांनी आपल्याच गिरणीच्या दुकानातून हा तुकडा आणून ट्रंकेत ठेवला होता. शिशाच्या रंगाचे ते कापड होते. डोळे जवळ नेले तरच दिसेल अशी एक बारीक निळी रेघ त्यातून उभी धावत होती. “माझ्याच साच्यावरचं असेल कदाचित,” असे बाबा एकदाच म्हणाले होते. संपानंतर गिरणीचे फाटक त्यांच्यासाठी पुन्हा उघडले नाही. ते दहिसरला, बांधकाम चाललेल्या एका इमारतीवर रखवालदार झाले आणि माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून तो तुकडा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मी तो मित्रांपुढे ठेवला. सर्वांना हे माझे औदार्य वाटले. खरे सांगायचे तर इतके चांगले कापड एकट्याने अंगावर घालण्याची मला भीती वाटली. मी उंच आहे, आणि उंच माणसाला लपता येत नाही. लहानपणापासून मी खांदे पुढे घेऊन, थोडा वाकून चालत आलो आहे. तिघांच्या मालकीची वस्तू घातली की आपल्याकडे पाहणाऱ्याची नजर तिघांत वाटली जाईल, असे काहीतरी मला वाटले असावे.

मामांनी अखेर तिन्ही मापांची सरासरी काढली. तशी पँट त्यांनी आयुष्यात शिवली नव्हती, आणि पुन्हा शिवणार नाही असे त्यांनी बजावलेही. कमरेला आणि बाजूच्या शिवणींत त्यांनी भरपूर कापड आत दाबून ठेवले. खाली पायाशी तर चांगली पाच बोटे कापड दुमडले. मुलाखत ज्याची असेल त्याने आदल्या संध्याकाळी दुकानात यायचे. मामा पायाशी बसत, दुमड उसवत, त्याच्या उंचीला येईल तिथे ती पुन्हा मुडपत आणि कच्चा टाका घालून देत. माझ्यासाठी दुमड पुरी सोडावी लागे, चंदूसाठी पुरी घ्यावी लागे. भीमराजला मात्र ती जशीच्या तशी येत असे, आणि याचा त्याला विनाकारण अभिमान होता.

नियमही भीमराजनेच घातले. त्याचे वडील मराठवाड्यातून आले होते आणि वस्तीतल्या प्रत्येक सभेत बोलायला उभे राहत. त्यांचा तो स्वर भीमराजच्या घशातही उतरला होता. “नियम एक. ज्याचं पत्र, त्याची पँट. नियम दोन. धुऊन, इस्त्री करून आमच्या लोखंडी कपाटात आणून ठेवायची. नियम तीन. ज्याला नोकरी लागेल त्याने पँट मागे ठेवायची, पाठीमागच्यांसाठी. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो.

“कबूल रे बाबा,” चंदू म्हणाला. “मी तर पहिल्याच दिवशी देऊन टाकेन. असली पँट घातली की माणूस विम्याचा एजंट दिसतो.”

चंदूचे कपड्यांविषयी असेच बोलणे असे. त्याच्या आत्याच्या यजमानांनी दुबईहून आणलेली निळी जीन्स तो घालायचा, वर इंग्रजी अक्षरांचा टीशर्ट, आणि त्या वेषात तो चाळीच्या जिन्यावरून उतरू लागला की पायऱ्यांनाही चाल मिळे. कडक इस्त्री, मुडपलेली बाही, पट्टा या सर्व गोष्टी त्याला खोट्या वाटत. “कपडे असे पाहिजेत की झोपलो तरी चालेल आणि नाचलो तरी चालेल,” तो म्हणे.

माझे उलट होते. घरात लेंगा-बनियन, बाहेर तपकिरी चौकड्यांचा बुशशर्ट, अशा माझ्या रोजच्या कपड्यांत मी मला नको इतका ओळखीचा होतो. पण पांढरा शर्ट खोचून, ती पँट घालून मी पहिल्यांदा अंधेरीला एका औषध कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा लिफ्टमनला मी होऊन मजला विचारला. गोष्ट हसण्यासारखी आहे. परंतु जो माणूस बसमध्ये आपला थांबा आला तरी कंडक्टरला सांगू न शकल्याने पुढच्या थांब्यावर उतरतो, त्याला ती समजेल. त्या पँटमध्ये माझे खांदे मागे जात. माझा आवाज मला ऐकू येई. नोकरी मिळाली नाही, पण मी तिथे चार वाक्ये पूर्ण बोललो होतो.

पहिली नोकरी भीमराजला लागली, वाकोल्याला, एका सरकारी कचेरीत. तो तिकडेच मावशीकडे राहायला गेला. जाण्यापूर्वी त्याने पँट स्वतः धुतली, इस्त्री केली आणि आपल्या आईला, सोनूबाईंना, कपाटाची किल्ली देत सांगितले, “ही आता या दोघांची. मला मागितली तरी द्यायची नाही.” आम्ही तिघे हसलो. मी त्या दिवशी फार सुखी होतो. जगात काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात, असे मला वाटले.

पंचाऐंशीच्या फेब्रुवारीत मला मुलुंडच्या एका सहकारी बँकेचे पत्र आले. लेखी परीक्षा मी उत्तीर्ण झालो होतो. मुलाखत सोमवारी, सकाळी अकरा वाजता. क्लार्कच्या चार जागा होत्या. बाबांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, “सोमवारी पाळी संपली की मी थेट घरी येतो. तू निघायच्या आत पोचेन. मला तुला त्या कपड्यात बघायचंय.” गेल्या तीन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट असावी.

पँट सोनूबाईंच्या कपाटात नव्हती. “चंदू घेऊन गेला की रं, महिना होत आला,” त्या म्हणाल्या. चंदू हल्ली दिवसभर घरी नसे. कुठल्याशा क्लासला जातो असे तो म्हणाला होता. त्याला गाठून मी पँट मागितली.

“इस्त्रीवाल्याकडे आहे. उद्या देतो.”

उद्याचा परवा झाला. गुरुवारी संध्याकाळी तो आपण होऊन माझ्याकडे आला. आम्ही पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसलो. खाली आग्रा रोडवरचे दिवे एकेक करून लागत होते.

“सहदेव, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“सांग.”

“तू ती पँट घालून जाऊच नकोस. अरे, सहकारी बँक आहे ती. ते लोक साधेपणा बघतात. झकपक पोरगा आला की त्यांना वाटतं, हा काय टिकणार. तुझा तो चौकड्यांचा बुशशर्ट आहे ना, तो घाल.” त्याने हात पुढे करून माझ्या बुशशर्टाची वळलेली कॉलर सरळ केली. “यात तू तुझ्यासारखा दिसतोस. खरंच सांगतो. मला तर तू असाच आवडतोस यार.”

मला असे कुणी कधी म्हटले नव्हते. आईला मी रोडावलेला दिसे, बाबांना वाकलेला, आरशाला नुसता लांब. आपण आहोत तसे कुणाला आवडतो, हे वाक्य घेऊन मी त्या रात्री अंथरुणावर पडलो आणि ते झिजू नये म्हणून फार वेळा मनात म्हणायचेही टाळले.

बुशशर्टच घालायचे मी ठरवले होते. पण शनिवारी संध्याकाळी आई म्हणाली, “तुझे बाबा दहिसरहून जागरण करून धावत येणार, ते काय हा बुशशर्ट बघायला?” ते मला पटले. पँट मामांकडे आली असेल, नसेल तर चंदूकडून आणून मामांना द्यावी, असा विचार करून मी खाली उतरलो.

मामांनी मान वर न करताच विचारले, “काय रे, तुझी पन शिवूची मा आता?”

“माझी कुठली, मामा? तीच आपली. सोमवारी मुलाखत आहे. दुमड सोडायची होती.”

मशीनचे चाक थांबले. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“कसली दुमड? ती खंय आता? पाच बोटां कापड कापून काढलंय. कंबर घेतलंय, बाजू घेतलंय, बाटम बारीक केलंय. तुका म्हायत नाय?”

मी फळीवरच्या कपड्यांकडे पाहिले.

“चंदून माका सांगल्यान, त्येका घाटकोपराक टीव्हीच्या दुकानात काम लागला. रोज घालूची म्हणून त्येच्या मापाची करूक सांगल्यान. तो म्हनालो, भीमराज नि सहदेव, दोघांनी मिळून माका दिली. तुमी ठरवलात मा तसा?” त्यांच्या आवाजात आता काळजी होती. “नायतर मी कातर लावलंय नसतंय रे. बोल मा!”

मला ‘नाही’ म्हणता आले असते. एक अक्षर पुरे होते. पण मामांच्या हातातली कातर हवेतच राहिली होती, त्यांचे तोंड उतरू लागले होते, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या भाच्याविषयी ते कळताना मला समोर उभे राहायचे नव्हते.

“हो मामा,” मी म्हणालो. “ठरवलं होतं. मीच विसरलो.”

“मगे!” त्यांनी सुस्कारा सोडला आणि चाक फिरवले. “सोन्यासारखे दोस्त गावले माझ्या भाच्याक.”

घाटकोपरला जाणारी बस मी कशी पकडली ते आठवत नाही. कंडक्टरला थांबा मात्र मी वेळेवर सांगितला. दुकान मोठे होते. काचेआड नऊ टीव्ही एकावर एक रचले होते आणि नऊही पडद्यांवर एकच बाई बातम्या देत होती. त्यांच्यापुढे चंदू उभा होता. पांढरा शर्ट खोचलेला, केस पाण्याने चापून बसवलेले. एका जोडप्याला तो काहीतरी समजावीत होता आणि त्यातली बाई हसत होती. पँट त्याला अतिशय सुरेख बसली होती. निळी रेघ कमरेपासून बुटापर्यंत सरळ उतरत होती. तिघांपैकी कुणाच्याही अंगावर ती कधी अशी दिसली नव्हती, आणि हे मान्य करताना मला जे झाले त्याला मत्सर म्हणावे की शोक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याने मला पाहिले. जोडप्याला काहीतरी सांगून तो बाहेर आला.

“तू इथे कसा?”

“बसने,” मी म्हणालो.

“मामा बोलले ना? अरे, मी सांगणारच होतो यार. आईशप्पथ. मालक म्हणाला, जीन्स चालणार नाही, उद्यापासून ये. आता एका रात्रीत मी पँट कुठून आणू?”

“महिना होत आला त्याला.”

“आला. मग?”

“घालायची होतीस. कापलीस कशाला?”

त्याच्या चेहऱ्यावरचे ओशाळलेपण तिथे संपले. “कशाला म्हणजे? वर्षभर ती माझ्या अंगावर बुजगावण्यासारखी लटकत होती. तुम्हाला काय रे, तू ताडमाड, भीम्या पैलवान. पट्टा आवळला की माझ्या मागे पोतं झाल्यासारखं दिसायचं. चार ठिकाणी लोक हसले. तुम्ही दोघं पण हसलात. पाणी भरताना. आठवतं?”

आठवत होते. आम्ही खरोखरच हसलो होतो, आणि तोही आमच्याबरोबर हसला होता.

“आणि शिवली कोणी? माझ्या मामाने. फुकट. तेव्हा नाही कोणी म्हणालं, की चंदूच्या मापाने शिवू.”

“मला तू बुशशर्ट घालून जा म्हणालास.”

“मग काय खोटं बोललो? बँकवाले...” तो थांबला. रस्त्याकडे पाहू लागला. मग हलक्या आवाजात, जणू माझ्यावर उपकार करावेत तसा म्हणाला, “खरं सांगू? तुला काय फरक पडतो, सहदेव? तू काही पण घाल. आत गेलास की तू तोंड शिवतोस. तुझ्यापेक्षा माझ्या तरी कामाला आली.”

मी काहीच बोललो नाही, आणि माझे न बोलणे त्याच्याच बाजूने साक्ष देऊन गेले.

“सोमवारी दुकान बंद असतं,” तो म्हणाला. “सकाळी घेऊन जा हवी तर. बास?”

“मला ती होणार नाही आता.”

त्याने खाली, आपल्या पायांकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणापर्यंत त्याच्या हे ध्यानातच आले नव्हते. आतून मालकाने हाक मारली, “चंद्रप्रकाश!” दाराची काच ढकलण्यापूर्वी त्याने चेहऱ्यावर हसू चढवले. इतक्या सहज चढवले की परतीच्या बसमध्ये मी सारा वेळ त्याच हसण्याचा विचार करीत राहिलो. पँट गेल्याचे दुःख मी कसेही सोसले असते. पण गुरुवारी त्याने माझी कॉलर सरळ केली होती. ज्या हाताने ती सरळ केली त्या हाताला तेव्हाच ठाऊक होते की आपण काय लपवीत आहोत. माझ्या आयुष्यात मला मिळालेले ते सर्वांत प्रेमळ वाक्य एका कापलेल्या दुमडीवर झाकण म्हणून घातलेले होते, आणि आता ते परत कुणाला द्यायचे, हे मला कळत नव्हते.

सोमवारी बाबा आले तेव्हा मी बुशशर्ट आणि रोजची जुनी पँट घालून तयार होतो. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मला पायांपासून वर पाहिले. मी त्यांना सगळे सांगितले. दुकान, कातर, चंदू, सगळे. सांगताना माझी एक इच्छा होती, आणि ती मला स्पष्ट जाणवत होती. बाबांनी चिडावे. निदान एकदा माझ्या बाजूने त्यांनी आवाज चढवावा.

त्यांनी चहा बशीत ओतला.

“बसली का त्याला नीट?”

“काय?”

“पँट. चांगली बसली का?”

“हो.”

“रेघ सरळ उतरते? ते कापड जरा ओढलं गेलं की रेघ वाकडी दिसते.”

“सरळ उतरते, बाबा.”

“मग बरं,” ते म्हणाले आणि चहा प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधानासारखे काहीतरी होते. मी पायऱ्या उतरलो तेव्हा त्या चाळीत माझे कुणीच नाही असे मला वाटले.

मुलुंडच्या त्या बँकेत आठ-दहा मुले बाहेर बाकांवर बसली होती, सगळी खोचलेल्या शर्टांत. माझे नाव पुकारले गेले. आत तीन गृहस्थ होते, आणि मधले, जे अध्यक्ष होते, ते अर्ध्या बाह्यांच्या बुशशर्टात होते. मी बसेपर्यंत तिघेही कागदांत पाहत होते, आणि टेबलाचे हिरवे कापड पार जमिनीपर्यंत आले होते. माझी पँट त्यांना दिसणेच शक्य नव्हते.

“काउंटरवर गर्दी असते. लोक ओरडतात,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही काय कराल?”

मी उत्तर दिले.

“जरा मोठ्याने.”

मी पुन्हा दिले.

“अहो, जरा मोठ्याने बोला, घाबरू नका.” त्यांचा स्वर खरोखर मायाळू होता. तिसऱ्यांदा बोलताना मला चंदूचा चेहरा दिसला आणि वाक्य मध्येच तुटले.

आठ दिवसांनी बँकेच्या दाराशी यादी लागली. चार नावे होती. माझे नव्हते.

मी यादी पाहून परत आलो तो सोमवार होता. सकाळी नळाला पाणी आलेले, चाळीतली अर्धी माणसे खाली. मी गॅलरीच्या कठड्याशी उभा होतो. चंदू आपली जीन्स गुडघ्यापर्यंत मुडपून बादली भरीत होता. त्याने वर पाहिले.

“काय रे, बँकेचं काय झालं?”

तो अगदी सहज विचारीत होता. त्याला खरोखर जाणून घ्यायचे असावे. आणि मी म्हणालो,

“तू माझी पँट कापून घेतलीस म्हणून माझी नोकरी गेली!”

माझा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो अंगणापलीकडे जाऊन समोरच्या भिंतीवर आदळला. सोनूबाई हंडा कडेवर घेतलेल्या तशाच थांबल्या. चंदूची आई हातातले पीठ न पुसता दारात आली. वरच्या मजल्यावरची दारे उघडली. मी म्हटले ते खरे नव्हते. त्या हिरव्या कापडापलीकडून कुणालाही काहीही दिसले नव्हते, हे मला, एकट्या मला, ठाऊक होते. मी ते परत घेऊ शकलो असतो. सगळे माझ्याकडे पाहत होते, माझे खांदे मागे गेले होते, आणि मी ते परत घेतले नाही.

“सहदेव...” चंदू म्हणाला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. ते मला इतक्या उंचावरूनही दिसले.

त्याची बादली भरून वाहू लागली. पाणी त्याच्या अनवाणी पायांवरून गटाराकडे चालले होते, मागे उभ्या बायका ओरडू लागल्या होत्या, तरी नळ बंद करायला त्याचा हात पुढे होत नव्हता.